गोठ्यामागची डुक्कर फियाट

मामांच्या पश्चात साताऱ्याजवळच्या वाड्याची आवराआवर सुरू झाली, तेव्हा गोठ्यामागच्या पडवीत वर्षानुवर्षे उभी असलेली फियाट भंगारात काढावी असेच बहुतेकांचे मत होते आणि भंगारवाल्याने वजनावर भावही सांगून ठेवला होता. मी मात्र मुदत मागून घेतली, कारण ती 1950च्या दशकात प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यात तयार झालेली, गोलसर पाठीची आणि पुढचे दरवाजे उलट्या बाजूने उघडणारी ‘डुक्कर फियाट’ होती.

अशा गाडीचे मोल तिच्या अस्सलपणात असते. 2015 मध्ये पॅरिसच्या लिलावात बायों या फ्रेंच कुटुंबाच्या जुन्या गाड्यांच्या संग्रहातील एक फेरारी सुमारे 1.63 कोटी युरोंना विकली गेली. ती पश्चिम फ्रान्समधील एका शेतावर जुन्या मासिकांच्या आणि वर्तमानपत्रांच्या गठ्ठ्यांखाली पडून होती आणि कोणतीही डागडुजी न करता लिलावात उतरवली गेली होती. आमच्या फियाटची त्या गाडीशी बरोबरी नाही, पण पारख करण्याची रीत तीच आहे. म्हणून मामी जेव्हा सहज म्हणाल्या, “ह्यांनी तिला दुसरा रंग कधी लागू दिला नाही रे,” तेव्हा मला फार आनंद झाला.

मिस्त्रींना बोलावले, तर त्यांनी बॅटरीला हात लावण्याआधीच प्लग काढून सिलिंडरमध्ये तेल सोडले आणि ते मुरल्यावर हँडलने इंजिन हळूहळू फिरवून पाहिले. इतकी वर्षे जाम असलेल्या इंजिनाला थेट स्टार्टर मारला असता, तर पिस्टनच्या गंजलेल्या रिंगांनी सिलिंडर ओरबाडले असते. टाकीतले पेट्रोल आटून त्याचा चिकट, लाखेसारखा थर झाला होता, तो काढण्यातच बराच वेळ गेला. पण माझ्या दृष्टीने खरा क्षण वेगळाच होता: बॉनेटखालच्या पट्टीवरची काजळी रॉकेलच्या बोळ्याने पुसताच चासी नंबर दिसू लागला आणि तो ट्रंकेत सापडलेल्या आरसी बुकातल्या नंबराशी अंकन् अंक जुळला. हा मेळ बसला नसता, तर बाकीची सारी मेहनत व्यर्थ होती.

कागदांचे काम चिकाटीचे होते. मालक हयात नसल्याने आधी मृत्यूचा दाखला आणि इतर वारसांची संमतीपत्रे जोडून फॉर्म 31 भरला व गाडी मामींच्या नावावर करून घेतली. मग 2021 च्या नियमांनुसार व्हिंटेज नोंदणीसाठी फॉर्म 20, विमा आणि जुने आरसी बुक सादर केले. पन्नास वर्षांहून जुनी आणि मूळ स्वरूपात जपलेली दुचाकी किंवा चारचाकीच यासाठी पात्र ठरते. चासी, बॉडी वा इंजिनात मोठा बदल केलेली चालत नाही. नव्या नोंदणीचे शुल्क 20,000 रुपये आहे आणि नोंदणी दहा वर्षे टिकते. आधी नोंद झालेल्या गाडीला जुना नंबर ठेवता येतो, ही तरतूद मला सर्वांत मोलाची वाटते, कारण मुंबई राज्याच्या काळातला तो नंबर हासुद्धा गाडीचा इतिहासच आहे.

एका संग्राहकाने भंगाराच्या कितीतरी पट किंमत देऊ केली, पण मामींनी विकायचे नाही असे ठरवले. व्हिंटेज नोंदणीवर गाडी रोजच्या वापराला काढता येत नाही. प्रदर्शन, रॅली, इंधन भरणे आणि दुरुस्ती एवढ्यासाठीच ती रस्त्यावर येईल. आता ब्रेकचे रबर किट बदलायचे राहिले आहे. रंगाला मात्र आम्ही हात लावणार नाही.