थुंकी लावून कापलेली काच
आज खिडकीची काच बदलायला काचवाल्या काकांकडे गेलो. मे महिन्यात कोपऱ्यात नखाएवढा तडा होता, म्हटलं बघू नंतर. पावसाळ्यात त्याने गुपचूप अर्धी काच पार केली. कुणी हात लावला नव्हता, दगड नाही, काही नाही.

काकांनी पट्टी धरून काच कापायची हिरकणी ओढली. कर्रर्र. मग बोट जिभेला लावून ते चऱ्यावरून फिरवलं आणि टचकन काच दोन! "ओल्याने सरळ तुटते," एवढंच म्हणाले.

मटेरियल सायन्स शिकलेला मी, तिथेच हसू आलं. काच म्हणजे सिलिकॉन-ऑक्सिजनच्या बंधांचं जाळं. तड्याच्या टोकाशी हे बंध आधीच ताणलेले असतात. पाण्याचा एक रेणू तिथे शिरला की बंध तुटतो आणि दोन्ही तुटक्या टोकांना हायड्रॉक्सिल (ऑक्सिजन-हायड्रोजनची जोडी) चिकटतं. मग पुढचा बंध. असा तडा अणू-अणूने सरकतो, तोही अशा भाराखाली, जो त्याच काचेने कोरड्या हवेत पेलला असता. १९६७ मध्ये संशोधक वीडरहॉर्न यांनी मोजून दाखवलं की हवेत दमटपणा जास्त, तर तडा जलद. पाण्याचा रेणू नेमकं काय करतो, हे मिचाल्स्की आणि फ्रीमन यांनी १९८२ मध्ये मांडलं. (परीक्षेत हाच प्रश्न मी ऑप्शनला टाकला होता!)

काकांना हे सांगायला गेलो. ते म्हणाले, "बरं. पुट्टी पाव किलो देऊ की अर्धा?"

अर्धा घेतला.