तुम्ही विचारलंत म्हणून: फुटेज का देत नाही

गेल्या आठवड्यात पुन्हा विचारलंत. मी भाजीच्या गाड्यापाशी मेथीची जुडी चाळत होते, तेवढ्यात मागून आवाज आला, "वहिनी, कॅमेरा तुमच्याच गेटवर आहे ना? मग फुटेज द्यायला काय होतं?" त्याआधी गणपतीच्या मीटिंगमध्ये विचारलं होतं. त्याआधी एका बारशात. बारशात तर माझ्या हातात पाळण्याची दोरी होती हो.

बाटल्यांचं आणि पेट्रोलचं प्रकरण सगळ्यांना ठाऊक आहे. पावसाळ्यात एका रात्री खुल्या प्लॉटवर बाटल्या फुटल्या, दोन मोटारसायकलींचं पेट्रोल गेलं, आणि ती गल्ली माझ्या कॅमेऱ्यात येते. डीव्हीआर, म्हणजे कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग साठवणारा डबा, बिघडलाय म्हटलं असतं तर सुटले असते. मी सरळ "देणार नाही" म्हणाले आणि तेव्हापासून गुंडांना पाठीशी घालणारी बाई झाले.

मला त्या पोरांचा पुळका नाही. औसा रोडच्या या बाजूला 112 वर माझ्याइतके फोन कुणी केले नसतील. रात्री 10 ते पहाटे 6 स्पीकर बंद, निवासी भागात रात्रीची मर्यादा 45 डेसिबल, 2000 सालचे नियम, हे मला स्तोत्रासारखं पाठ होतं आणि गेटमध्ये उभी राहून मी ते म्हणायचे. पोरं हसायची. गाडीच्या बॉनेटवर केक, भावाच्या वाढदिवसाला सुतळी बॉम्ब, तो फेसाचा स्प्रे, सकाळी रस्त्यावर अंड्यांची टरफलं. झाडणारी मावशी मलाच बोलायची, जणू मीच फोडली अंडी.

पण मीटिंगमध्ये "बाहेरची पोरं, बाहेरची पोरं" सुरू झालं की मला हसू येतं. बाहेरची म्हणजे कुठली? आपल्या गच्च्यांवर पत्र्याच्या खोल्या कुणी चढवल्या? लातूर पॅटर्नचं नाव ऐकून हिंगोली-परभणीपासून लेकरं मेडिकलच्या नीट परीक्षेसाठी इथं येतात, आपण तीन-तीन कॉट टाकून एकेक खोली देतो, डिपॉझिट घेतो, आणि रात्री बारा वाजता त्यातला कुणी अठरा वर्षांचा झाला की आपली झोपमोड होते. मी स्वतः मेस चालवते. 22 डबे. माझ्या गेटवरचा कॅमेरा त्या डब्यांच्या पैशातून बसलाय, हे मी कशाला लपवू? मागच्या गल्लीत मंगळसूत्र ओढून नेलं तेव्हा बसवला. तुम्हीच म्हणाला होतात, बरं केलंत वहिनी, आता सगळ्या गल्लीला आधार झाला.

तर आता फुटेज का देत नाही ते सांगते. काहींना अर्धं माहीत आहे, काहींना मुद्दाम माहीत करून घ्यायचं नाही.

दोन वर्षांपूर्वीचा डिसेंबर. असाच वाढदिवस, असेच फटाके, आणि कोपऱ्यावरच्या सरांच्या कारची पुढची काच फुटली. दगड की बाटली, ते कळलं नाही. सरांना दोन स्टेंट बसवलेले, ते घाबरून रात्रभर खुर्चीत बसून राहिले. सकाळी आठच्या आत सात माणसं माझ्या हॉलमध्ये. ह्यांनी डीव्हीआर टीव्हीला जोडला. मी चहा टाकला.

पाच पोरं दिसत होती. चौघं झाडाच्या सावलीत, नुसते आकार. एक दिव्याच्या बाजूनं चालत गेला, तोंड अर्धं फिरलेलं, अंगात पांढरा शर्ट. मागं-पुढं, मागं-पुढं, सहा वेळा लावलं. मग कुणीतरी म्हणालं, "हा दूधवाल्याचा धाकटा नाही का? तो पांढराच घालून फिरतो." आणि एकदा म्हटल्यावर सगळ्यांना तोच दिसायला लागला. मलाही. उलट मीच म्हणाले, "चालणं त्याचंच आहे." हे वाक्य माझं. तुमच्यापैकी कुणी आठवण करून देत नाही, म्हणून मीच लिहून ठेवते.

चहा त्यांच्याच दुधाचा होता.

मामा आमच्याकडं चौदा वर्षं दूध घालत होते. 2016 च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, टाक्यांभोवती जमावबंदी लागली, आठवतंय? त्या दिवसांत मामांच्या शेतातल्या बोअरला थोडी धार होती. दुधाच्या कॅनबरोबर ते दोन कॅन पाण्याचे आणायचे आणि आमच्या पिंपात ओतून जायचे. पैसे विचारले की, "काय बोलायलाव ताई" म्हणून गाडीला किक मारायचे. त्यांचा धाकटा पोलीस भरतीची तयारी करायचा. पहाटे पाचला आपल्याच गल्लीतून पळायचा. शारीरिक चाचणीचे 50 गुण, त्यातले 20 एकट्या 1600 मीटरला, हे त्यानंच मला गेटवर दूध देताना सांगितलं होतं. मी त्याला म्हटलं होतं, आधी दोन चपात्या जास्त खा.

मी पेन ड्राइव्ह दिला. अशा पुराव्यासोबत प्रमाणपत्र जोडावं लागतं, हे मला फार नंतर कळलं. त्या दिवशी कुणी मागितलंही नाही. माझ्या डीव्हीआरचं घड्याळ 40 मिनिटं मागं होतं, तेही कुणी विचारलं नाही. पोराला पोलिसांनी सकाळी बोलावलं, रात्री सोडलं. आत काय झालं ते मला माहीत नाही, मी कल्पनाही करत नाही. गुन्हा नोंदवला असता तर भरतीच्या पडताळणीत अडकला असता, म्हणून "मिटवून घ्या" असं ठरलं. मामांनी काच भरून दिली. बाकीचे चौघं कोण, हे कुणी विचारलं नाही. एक सापडला होता ना.

नऊ दिवसांनी आमच्या दारातला कचऱ्याचा डबा कुत्र्यांनी ओढला. गेटची कडी कुणी उघडी ठेवली ते बघायला मी पहाटेचं फुटेज लावलं. सव्वापाचला एक बाई गेटातून बाहेर येते, वाकते, दुधाची पिशवी उचलते. पिशवीचं, कारण तोवर मामा यायचे बंद झाले होते. बाई मीच. अंगात ह्यांचं जुनं जर्किन. ते जर्किन काळं आहे. कोळशासारखं काळं. टीव्हीवर ते पांढरं दिसत होतं.

मी खुंटीवरचं जर्किन काढून टीव्हीच्या शेजारी धरलं. पुन्हा लावलं. पांढरंच.

कॅमेरा बसवणाऱ्या पोराला फोन केला. त्याला त्यात काही विशेष वाटलं नाही. "काकू, अंधार पडला की कॅमेरा आयआरवर जातो, म्हणजे डोळ्याला न दिसणाऱ्या इन्फ्रारेड उजेडावर. रंग राहत नाही. सिंथेटिक काळं कापड बऱ्याचदा पांढरं दिसतं." सगळ्या कंपन्यांच्या कॅमेऱ्यात असंच होतं म्हणाला. आणखी कॅमेरे लावायचेत का, तेही विचारलं.

मी सरांकडं गेले. त्यांना सांगितलं, तो शर्ट पांढरा असेलच असं नाही. ते म्हणाले, "आता मिटलंय ना, कशाला उकरता?" इथं मला वाईट वाटलं असं लिहिलं तर शोभेल. पण खरं सांगते, मला सुटल्यासारखं झालं. बरं झालं, सरच नको म्हणाले. पोलिसांकडं मी गेले नाही. मामांकडंही गेले नाही. तेच आले, महिनाअखेरीला, दुधाची वही घेऊन. एकोणीस दिवसांचा हिशोब. मी नोटा पुढं केल्या आणि म्हटलं, "मामा, त्या कॅमेऱ्याचं जरा..." त्यांनी नोटा मोजल्या. म्हणाले, "सुट्टे नाहीत माझ्याकडं. वीस रुपये राहू द्या का?" मी म्हटलं, राहू द्या. ते वीस रुपये दुसऱ्या दिवशी गेटच्या कडीत घडी करून खोचलेले होते.

तो पोरगा नंतर या गल्लीतून पळाला नाही. भरती झाला की नाही, मी विचारलेलं नाही.

आता तुम्ही म्हणाल, म्हणजे तो निर्दोष होता? मला माहीत नाही. जर्किननं एवढंच ठरतं की शर्टावरून ओळखणं चुकीचं होतं. चालण्याचं काय? पेन ड्राइव्हची एक प्रत माझ्याकडं आहे, मोहरीच्या डब्यामागं. डीव्हीआरवरचं कधीचंच पुसलं गेलं, हे नाही पुसलं. अधूनमधून लावते. कधी तो तोच असतो, कधी नसतो. गेल्या खेपेला तर खांद्यावरून तो मला माझ्या भाच्यासारखा वाटला, आणि भाचा तेव्हा पुण्यात होता.

दोन वर्षांपूर्वीची मी हे वाचून चिडली असती. म्हणाली असती, एक चूक झाली म्हणून सगळ्या गल्लीनं अंधारात बसायचं का? काच फुटली तर फोडणाऱ्याला शोधायचाच नाही का? त्या सरांच्या छातीचं काय? तिला पटेल असं उत्तर मला देता आलेलं नाही. मी म्हणते, पोलिसांनी लेखी मागावं, मी सही करून देईन, सोबत घड्याळाचं आणि रंगाचंही लिहून देईन. पण सात माणसं हॉलमध्ये बसवून टीव्हीवर लावणार नाही. त्यावर ती म्हणते, हा नियम तू आता, तुझ्या सोयीसाठी काढलास. काढलाय खरा. आणि पोलिसांनी अजून लेखी मागितलेलं नाही, कारण तुमच्यापैकी कुणी तक्रारच नोंदवलेली नाही. तुम्हाला हॉलमध्येच बघायचंय.

आणखी एक राहिलं. बाटल्या-पेट्रोलच्या रात्रीचं फुटेज मी पाहिलंय. न पाहता नाही म्हणतेय असं तुम्हाला वाटत असेल, तर तसं नाही. दोघं आहेत. एकाची पाठ आहे. दुसरा वाकलेला, नळी तोंडात धरून पेट्रोल ओढतोय आणि मग बाजूला थुंकतोय. तो माझ्या डब्यावरचा असावा असं मला वाटलं. "असावा" हा शब्द आता माझं तोंड सोडत नाही. तुम्ही म्हणाल, मग धंद्यासाठी झाकताय. 22 चे 21 होतील म्हणून झाकत नाहीये, असं मी शपथेवर सांगू शकत नाही. मेसचं नाव खराब झालं तर 21 ही राहणार नाहीत, हे माझ्या डोक्यात येऊन गेलं. आधी जर्किन आलं की आधी डबे आले, ते मला आता आठवत नाही, आणि आठवलं असतं तरी तुम्हाला सांगितलं असतं का, शंका आहे.

त्या पोराला मी काही विचारलेलं नाही. रोज सायंकाळी सातला येतो, खाली मान घालून डबा घेतो. परवा सकाळी रिकामा डबा परत करायला आला तर डबा घासून आणलेला. 22 पोरांत एकही जण डबा घासून देत नाही. मी झाकण उघडून पाहिलं, आतून कोरडाही केला होता.