ताप म्हटलं की आधी स्वॅब

2020 च्या जुलैत माझं मूत्राशय काढलं. कॅन्सर स्नायूत शिरला होता, त्यामुळे कोविड ओसरेपर्यंत थांबायचा प्रश्नच नव्हता. साताऱ्याहून पुण्याला जायला ई-पास काढला, आरटी-पीसीआर निगेटिव्ह आली आणि भरती झालो. ऑपरेशन लॅप्रोस्कोपीने, म्हणजे पोटाला छोटी भोकं पाडून होणार होतं. त्यात पोट गॅसने फुगवतात. त्या गॅसबरोबर विषाणू थिएटरभर पसरेल अशी तेव्हा डॉक्टरमंडळींना धास्ती होती. तरी फिल्टर लावून, पीपीई चढवून, त्या उकाड्यात त्यांनी तासन्‌तास काम केलं.

भोकं छोटी, म्हणजे लवकर घरी, असं घरात सगळे धरून चालले होते. पण आतलं काम तेवढंच मोठं असतं. लहान आतड्याचा साधारण 15 सेंटिमीटरचा तुकडा वेगळा करायचा, दोन्ही मूत्रवाहिन्या, म्हणजे किडनीतून लघवी खाली आणणाऱ्या नळ्या, त्याला जोडायच्या आणि त्याचं तोंड बेंबीच्या उजवीकडे पोटावर आणायचं. हा स्टोमा. लघवी तिथून थेट पिशवीत.

आधी आतडी रुसली. पोट नगाऱ्यासारखं टम्म, हिरव्या उलट्या, नाकातून नळी. भेटायला कुणालाच परवानगी नव्हती. वॉर्डातल्या मावशी रोज सकाळी मोठ्यानं विचारायच्या, "काका, वारा सरला का?" सरला तेव्हा समोरच्या खाटेवरच्या आजोबांनी टाळ्या वाजवल्या. मुलाला फोन करून मी हीच बातमी दिली.

खरा घोळ घरी आल्यावर झाला. ऑपरेशनवेळी मूत्रवाहिन्यांत घातलेल्या नळ्या काढून झाल्या होत्या. एका संध्याकाळी दात वाजतील अशी थंडी भरली, मग सणसणीत ताप. जवळच्या दवाखान्यात नेलं तर दारातच, "ताप आहे? आधी स्वॅब." रिपोर्ट येईपर्यंत संशयितांच्या खोलीत. बोटाला ऑक्सिमीटर लावला, छातीचा एक्स-रे काढला, दोन्ही ठीक. शर्ट वर करून पिशवी दाखवली, डाव्या कुशीत दुखतंय म्हणालो, पण पॅरासिटामॉलपलीकडे गाडी सरकेना. त्यांचंही खरं होतं म्हणा, बाहेर रांग लागली होती. पण खोकला नसलेल्या माणसाची लघवी तपासावी, एवढं सुचायला हवं होतं.

पुढे तपासली तीही पिशवीतून घेऊन. पिशवीतल्या लघवीत संसर्ग नसला तरी जंतू सापडणारच! पुण्याच्या सर्जननी व्हिडिओ कॉलवर हे ऐकलं आणि कपाळाला हात लावला. नमुना स्टोमात बारीक कॅथेटर घालून घ्यायचा असतो. "काका, स्वॅब येईल तेव्हा येईल, सोनोग्राफी आजच करा," म्हणाले. डावी किडनी फुगलेली, रक्तातलं क्रिएटिनिन वाढलेलं, म्हणजे किडनीचं काम मंदावलेलं. मूत्रवाहिनी जिथे आतड्याला जोडली होती, तो जोड आवळत चालला होता आणि वर तुंबलेल्या लघवीत जंतुसंसर्ग.

रातोरात पुणे गाठलं. भूल फक्त कातडीपुरती, पालथं झोपवून पाठीतून किडनीत नळी घातली. आधी गढूळ, पू मिसळलेली लघवी आली. शिरेतून अँटिबायोटिक चालू झालं आणि ताप उतरला. स्वॅब निगेटिव्ह असल्याचा मेसेज त्यानंतर मोबाइलवर आला.

जोड फुग्याने रुंद करून पाहिला, पण पुन्हा आवळला. मग पाठीवर नळी, पोटावर पिशवी, असा दुसऱ्या लाटेतून पार झालो. अंघोळ हे हिचं आणि माझं दोघांचं काम होऊन बसलं. 2022 मध्ये डावी मूत्रवाहिनी नव्याने जोडली. या खेपेला भोकं नाहीत, चांगला वीतभर छेद. आतडी मात्र लगेच चालू झाली.