निळं पडलेलं पातं

आधी एवढंच सांगतो: चांगला घडीचा चाकू सुक्या ग्राइंडरवर धार लावणाऱ्याच्या हातात देऊ नका. मग तो सायकलवाला असो नाहीतर पेठेतलं दुकान. माझा चाकू ओपिनेलचा, आठ नंबरचा, कार्बन स्टीलचा. फ्रान्समधल्या साव्हॉय भागात 1890 पासून बनतात हे चाकू. मूठ लाकडाची, पातं साडेआठ सेंटीमीटरचं आणि उघडल्यावर पातं मिटू नये म्हणून गळ्याशी फिरवायचं एक कडं. साधा, हलका, आंबा चिरायला झकास.

मी दुकानात बजावून सांगितलं होतं, "घाई नाही, पाण्यात बुडवत बुडवत घासा." उत्तर आलं, "साहेब, दिवसभर हेच करतो." पाण्याचा डबा शेजारीच होता, त्यात एकदाही पातं गेलं नाही. भर्रकन ठिणग्या उडाल्या, मनगटावरचे दोन केस कापून दाखवले, पैसे घेतले. घरी येऊन खिडकीत धरून पाहिलं तर टोकाकडे धारेलगत नखाएवढा निळा-जांभळा पट्टा.

हा निळा रंग म्हणजे काय ते सांगतो. पोलादाला पाणी देऊन, म्हणजे लाल तापवून झटकन थंड करून, कडक केल्यावर ते काचेसारखं ठिसूळ होतं, म्हणून पुन्हा 200 अंशांच्या आसपास तापवून त्याला जरा नरम करतात. कार्बन स्टील पुढे आणखी तापलं की आधी पिवळसर होतं आणि 300 अंशांजवळ निळं पडतं. निळं झालं म्हणजे तिथलं पाणी उतरलं, पोलाद नको इतकं नरम पडलं. तिथे कितीही धार लावा, चार टोमॅटो कापले की बसते. परत दुकानात गेलो तर म्हणाले, "रंगच आहे ना, बफ मारून देतो, फुकटात." रंग जाईलही हो, पण पाणी परत कोण देणार? मी नको म्हणून निघालो. अजून आठवलं की डोकं सणकतं.

यावर इलाज एकच, निळा भाग घासून संपवायचा. रविवार पेठेत बोहरी आळीत दोन बाजूंचा कार्बोरंडमचा दगड सहज मिळतो, एक बाजू खरखरीत, एक बारीक. त्यापुढचे 1000 आणि 3000 ग्रिटचे (आकडा मोठा तितका दगड बारीक) पाणी लावून वापरायचे दगड ऑनलाइन मागवले. खरेदीत काहीच अडचण आली नाही. आईने मात्र दगड पाहून ऐकवलं, की आजीची विळी मागच्या दाराच्या पायरीवर घासली जायची आणि तिने आयुष्यभर कापलं. आजीच्या विळीला कुणी ग्राइंडर लावला नव्हता, एवढंच मी म्हणालो.

अडलो ते खरखरीत दगडावर. एका बाजूने पुरेसं घासलं की दुसऱ्या बाजूला धातूची बारीक कड वळून उभी राहते. वर्कशॉपमध्ये तिला बर म्हणतात. ती मुठीपासून टोकापर्यंत सलग आली, तरच दगड धारेपर्यंत पोचला असं समजायचं. माझी बर मुठीकडून दोन तृतीयांश पात्यावर लगेच आली आणि टोकाच्या वळणाशी येऊन थांबली. संध्याकाळी ऑफिसातून यायचं, दगड भिजवायचा, घासायचं, आणि तिथे अंगठ्याला काहीच लागायचं नाही. (अंगठा पाठीकडून धारेच्या बाहेर सरकवायचा, धारेवरून लांबीला कधीही नाही. अंगठ्यावर भरवसा नसेल तर कापसाचा बोळा फिरवा, बर असेल तिथे तंतू अडकतात.)

शेवटी काळ्या परमनंट मार्करने धारेचा उतार रंगवला आणि दोन-चार हात मारून पाहिलं. उताराच्या वरच्या खांद्यावरची, म्हणजे धारेपासून लांबच्या कडेची, शाई गेली होती, नेमक्या धारेवरची तशीच. ग्राइंडरवाल्याने टोकाला फार उभा कोन दिला होता. मी 20 अंशाने घासत होतो, म्हणजे दगड धारेला शिवतच नव्हता. मधला सगळा खांदा उतरेपर्यंत बर येणार कुठून? शिवाय पातं टोकाकडे वळतं तिथे मूठ किंचित वर उचलावी लागते, नाहीतर कोन आपोआप बदलतो. मार्कर, पाच-सहा हात, बघणं, पुन्हा मार्कर. काळं पाणी, काळी बोटं. जोर लावून उपयोग नसतो, दगड मात्र मध्येच खोलगट होतो. तो सपाट करायला काचेवर वॉटर पेपर ठेवून त्यावर घासायचा.

एका रात्री टोकापर्यंत सलग बर लागली. तोवर निळा पट्टाही संपला होता आणि पातं टोकाला जरासं अरुंद झालं होतं. खरं सांगतो, त्या रात्री घरातल्या सगळ्यांना उठवून दाखवावंसं वाटलं.

पुढचं किरकोळ. दुसरी बाजू तशीच, मग 1000, मग 3000, दर वेळी हात हलका. बर पूर्ण निघाली पाहिजे. ती उरली तर चाकू त्या दिवशी केसही कापतो आणि लगेच बोथट होतो. त्या दुकानातली मनगटाची करामत बहुतेक हीच होती. शेवटी जुन्या कातडी पट्ट्याच्या आतल्या बाजूवर पाठ पुढे ठेवून ओढायचं, धार पुढे नाही.

कोनाचं सांगायचं राहिलं. आठ नंबरच्या पात्याला 20 अंश म्हणजे पाठ दगडापासून पेन्सिलीच्या जाडीपेक्षा किंचित कमी उचललेली. पहिल्यांदा पेन्सिल शेजारी ठेवून अंदाज घ्या.

आता महिन्यातून एखाद्या वेळी 3000 वर दोन हात आणि पट्टा, एवढंच लागतं. खरखरीत दगड माळ्यावर गेला. लिंबू, कैरी कापल्याने पात्यावर राखाडी झाक येते, ती घासून काढू नका, लाल गंजापासून थोडं संरक्षणच होतं. लाल ठिपका दिसला तर मात्र लगेच काढा. पावसाळ्यात लाकडी मूठ फुगते आणि पातं नखाने उघडत नाही. मुठीचं मागचं टोक टेबलावर ठोकलं की पातं जरा बाहेर येतं. मूठ कोरडी असताना जवसाचं तेल पाजून ठेवलं तर हा त्रास कमी होतो.

पात्याला मी लिक्विड पॅराफिन लावतो. खोबरेल हिवाळ्यात थिजतं आणि पुढे खवट वास मारतं. पॅराफिन मेडिकलमध्ये पोट साफ होण्याचं औषध म्हणून मिळतं. "कुणाला त्रास होतोय?" असं विचारलं तर सरळ "मलाच" म्हणावं. चाकूला लावायचंय म्हटलं की चौकशा वाढतात.