क्लच प्लेट वाचली

आठवडाभर गाडी अंगात आल्यासारखी थरथरत होती. उभी असताना गप्प, चाळीसच्या वेगात सरळ चालली तरी गप्प. पण नाशिकच्या द्वारकेहून उड्डाणपुलावर चढताना पाय दाबला की धडधड धडधड! एका गॅरेजने गाडी न चालवताच "क्लच प्लेट गेली" म्हणून मोठा खर्च सांगितला होता. बायको म्हणाली, आधी दुसऱ्याला दाखवा. (ती बरोबर निघाली, हे इथेच लिहून टाकतो. घरी तोंडाने कबूल करणार नाही.)

आज सातपूरला एका जुन्या मिस्त्रींकडे गेलो. चाचांनी आधी मला शेजारी बसवून स्वतः त्र्यंबक रोडला चक्कर मारली, मग स्कॅनर लावला. कोड आला पी०३०२, म्हणजे दुसऱ्या सिलेंडरमध्ये मिसफायर, तिथलं इंधन नीट पेटत नाही. मला वाटलं, झालं, आता कॉइल (ठिणगीसाठी व्होल्टेज देणारा भाग) बदलतील. पण त्यांनी दुसऱ्या आणि तिसऱ्या सिलेंडरच्या कॉइलची फक्त अदलाबदल केली आणि पुन्हा चक्कर मारली. आता कोड पी०३०३! बिघाड कॉइलसोबत सरकला, म्हणजे चोर तीच.

"मग नुसती उभी असताना का नाही थरथरत, चाचा?"

"जोर दिला की सिलेंडरात दाब वाढतो, ठिणगीला जास्त व्होल्टेज लागतं. तिथे कमजोर कॉइल दम सोडते."

ठिणगी पाडणारे स्पार्क प्लगही झिजले होते, त्यांच्या टोकांमधला गॅप वाढलेला. चार प्लग आणि एक कॉइल बदलली. येताना मुद्दाम उड्डाणपुलावरून आलो, दोनदा.