अंगठा

वागळे इस्टेटमधील आमच्या छोट्या कार्यशाळेत कंपन्यांनी वापरून काढून टाकलेले लॅपटॉप दुरुस्त केले जातात. गेल्या पावसाळ्यात कळव्यातील महिलांच्या एका बचत गटासाठी असे अठरा लॅपटॉप तयार करण्याचे काम माझ्याकडे आले. लिनक्स या मोफत ऑपरेटिंग सिस्टिमची एकच इमेज (सगळ्या सेटिंग्जसह तयार प्रत) करायची आणि ती अठराही यंत्रांवर उतरवायची, म्हणजे प्रत्येकाची वेगळी उस्तवार नको, असा माझा बेत होता. टचपॅड, कीबोर्ड आणि पडदा यांची सेटिंग्ज मी फारसा विचार न करता माझ्या सवयीप्रमाणे लावून टाकली.

टचपॅडवर बोट नुसते टेकवून उचलले तरी क्लिक व्हावे, ही सोय मी चालू ठेवली होती. वर्गाच्या पहिल्या दिवशी पोळी-भाजी केंद्र चालवणाऱ्या एक काकू हिशेबाचे टिपण लिहीत होत्या. दोन ओळी झाल्या की पुढचा मजकूर भलतीकडेच उमटू लागे, आणि त्या मला हाक न मारता तो पुसून पुन्हा लिहीत. अर्ध्या तासाने मी मागे जाऊन उभा राहिलो, तेव्हा दिसले की अक्षर शोधताना त्यांचा अंगठा टचपॅडवर हलकेच टेके आणि उचलला जाई, आणि बाण जिथे असेल तिथे कर्सर उडी घेई. टायपिंग चालू असताना टचपॅड बंद ठेवण्याची तरतूद लिनक्समध्ये आहे. पण शेवटची कळ दाबल्यानंतर ती जेमतेम अर्धा सेकंद टिकते, आणि काकूंना पुढचे अक्षर सापडायला त्याहून कितीतरी जास्त वेळ लागत होता. मी कारण सांगितले, तेव्हा त्या हसून म्हणाल्या, “सही करायला शिकले, पण अंगठा काही सुटला नाही बघा.”

लिनक्समध्ये टचपॅड सांभाळणाऱ्या लिबइनपुट या सॉफ्टवेअरच्या कर्त्यांनी, दाबून क्लिक करता येणाऱ्या टचपॅडवर बोट टेकवून क्लिक करण्याची ही सोय मुळात बंदच ठेवली आहे. जिला ती हवी आहे तिला ती असते हे ठाऊक असते आणि ती शोधून चालू करील. जिला ठाऊकच नाही तिला मात्र आपोआप होणाऱ्या क्लिकचा उलगडा कधीच होणार नाही, असे त्यांचे म्हणणे आहे. ते मी पूर्वी वाचले होते आणि, खरे सांगायचे तर, त्याला हसलोही होतो. उलट लिनक्सचा डेस्कटॉप पुरवणाऱ्या ग्नोमने मार्च २०२४ च्या ४६ व्या आवृत्तीत ही सोय मुळातच चालू करून टाकली, म्हणजे या प्रश्नावर जाणकारांचेही एकमत नाही. त्या रात्री मी ती बंद केली. पाच मिनिटांत काळा होणारा पडदा वीस मिनिटांवर नेला.

तिथेच थांबायला हवे होते. पण त्याच दिवशी एका ताईंना उजवीकडच्या अंकपॅडवरून रक्कम लिहिता आली नव्हती. नम-लॉक, म्हणजे अंकपॅडवरून अंक उमटू देणारी कळ, बंद असल्यामुळे ७ दाबला की कर्सर ओळीच्या सुरुवातीला जाई, ४ आणि ६ त्याला डावी-उजवीकडे सरकवत आणि ५ काहीच करत नसे. तेव्हा लॉगिनच्या पडद्यापासूनच नम-लॉक चालू राहील अशी व्यवस्था मी सरसकट अठराही यंत्रांवर केली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातजणी आत शिरूच शकल्या नाहीत. पासवर्ड सर्वांचा एकच होता, रोमन अक्षरांत लिहिलेले ‘कळवा’, आणि प्रत्येक जण ओशाळून सांगत होती की आपण तो विसरलो. मी स्वतः टाकला, तरी नाकारला गेला. दोनदा तसे झाल्यावर कीबोर्डवरच्या छोट्या हिरव्या दिव्याकडे माझे लक्ष गेले. ते सात लॅपटॉप जुने आणि छोट्या पडद्याचे होते. त्यांना वेगळे अंकपॅड नव्हते, ते अक्षरांच्या कळांमध्येच दडवलेले होते. नम-लॉक चालू असला की त्यांवर ‘जे’, ‘के’, ‘एल’ दाबल्यावर १, २, ३ उमटतात. पासवर्डच्या चौकटीत फक्त ठिपके दिसत असल्यामुळे ‘के’च्या जागी २ गेला आहे हे कळायला मार्गच नव्हता. एरवी टाइप करताना ही गफलत पहिल्याच शब्दात उघडकीस आली असती.

चूक माझी आहे, तुम्ही कोणी काही विसरलेला नाहीत, हे मी वर्गात मोठ्याने सांगितले. कार्यशाळेत परतल्यावर इमेजच्या दोन प्रती केल्या: अकरा मोठ्या यंत्रांसाठी नम-लॉक चालू, सात लहानांसाठी बंद. निघताना काकूंनी मात्र त्यांच्या कामाचे तेवढे विचारून घेतले होते.

“आता अंगठा टेकला तर चालेल ना, दादा?”

“टेका,” मी म्हणालो.