त्रास नसतानाचा पंप

सांगलीच्या मार्केट यार्डात एका अडत दुकानात मी हिशेबाचे काम करते. हळदीचा हंगाम सुरू झाला, की आवारात पोत्यांच्या थप्प्या लागतात, सौदे निघतात आणि दिवसभर हवेत पिवळी पूड तरंगत राहते. लहानपणापासून दमा असलेल्या माणसाने अशी जागा टाळावी, असे कोणीही सांगेल. परंतु पोटापाण्याची जागा सगळ्यांनाच दम्याच्या सोयीने निवडता येत नाही. तरीही मला इथे काम करता येते, रात्री सलग झोप लागते आणि कार्यालयाचा जिना न थांबता चढता येतो. हे मुख्यतः रोज सकाळ-संध्याकाळ घेतलेल्या, औषध श्वासातून आत नेणाऱ्या पंपामुळे (इनहेलरमुळे) शक्य होते, आणि तो मी काहीही त्रास होत नसतानाही घेते. आजचे लिहिणे या ‘त्रास नसताना’विषयीच आहे, कारण माझ्या ओळखीतल्या बहुतेक दमेकऱ्यांचे उपचार नेमके तिथेच तुटतात.

दम्यात श्वासनलिकांना आतून सूज असते. धूळ, धूर, थंड हवा किंवा सर्दी-पडशाचे निमित्त झाले, की आधीच सुजलेल्या नलिकांभोवतीचे स्नायू आवळतात, कफ दाटतो आणि छातीत घरघर सुरू होते. अशा वेळी घ्यायचा सालब्युटामॉलचा पंप हे स्नायू काही मिनिटांत सैल करतो आणि त्याचा असर साधारण चार ते सहा तास टिकतो. मुळातल्या सुजेवर मात्र तो काहीच करत नाही. सूज उतरवण्याचे काम बुडेसोनाइडसारखे स्टेरॉइड असलेला पंप करतो आणि त्याचा पुरता गुण दिसायला काही आठवडे लागतात. ज्या औषधाने लगेच मोकळे वाटते तेच खरे औषध, असे रुग्णाला वाटणे अगदी स्वाभाविक आहे. म्हणून तातडीचा पंप खिशात राहतो, आणि ज्याने तातडीची वेळच यायची नाही तो रोजचा पंप चार दिवस बरे वाटताच कपाटात जातो. दम्याच्या उपचारांसाठी जगभर ज्यांची मार्गदर्शक तत्त्वे प्रमाण मानली जातात त्या ‘जिना’ (ग्लोबल इनिशिएटिव्ह फॉर अस्थमा) या आंतरराष्ट्रीय संस्थेने 2019 मध्ये स्पष्ट सांगितले, की मोठ्या माणसांना आणि बारा वर्षांपुढच्या मुलांना नुसत्या तातडीच्या पंपावर ठेवू नये, त्यांच्या उपचारात सूज कमी करणारे औषध असलेच पाहिजे. आता नलिका मोकळ्या करणारे फॉर्मोटेरॉल आणि बुडेसोनाइड एकत्र असलेला एकच पंप रोजच्यासाठी आणि तातडीसाठीही वापरायला देतात. कोणाला काय योग्य, हे अर्थातच ज्याच्या त्याच्या डॉक्टरांनी ठरवायचे.

‘पंपाची सवय लागते’ हे वाक्य मी आयुष्यभर ऐकत आले आहे आणि त्याने केलेले नुकसानही पाहत आले आहे. गोळी साधी आणि पंप जालीम, ही समजूत आकड्यांपुढे टिकत नाही. सालब्युटामॉलची गोळी बहुधा 4 मिलिग्रॅमची असते. पंपाच्या एका दाबात तेच औषध 100 मायक्रोग्रॅम असते, म्हणजे गोळीच्या चाळिसाव्या हिश्शाइतके. गोळी पोटातून रक्तात जाते आणि सगळ्या अंगभर फिरते, त्यामुळे हात थरथरतात आणि छाती धडधडते; पंपातले औषध जिथे हवे तिथे थेट पोचते, म्हणून इतके थोडे पुरते. स्टेरॉइडचेही तसेच आहे. खरी भीती बाळगायची असेल तर ती मनाने चालू ठेवलेल्या स्टेरॉइडच्या गोळ्यांची आणि आत काय आहे हे न सांगता दिलेल्या पुड्यांची बाळगावी, कारण अशा गोळ्या महिनोन्‌महिने घेतल्याने हाडे ठिसूळ होतात आणि रक्तातली साखर वाढते. कोजागिरीच्या रात्री आपल्याकडे अनेक गावांत खिरीतून किंवा दुधातून दम्याचे औषध देतात. श्रद्धेने जाणाऱ्यांना मी नावे ठेवणार नाही. पण त्यासाठी रोजचा पंप बंद करायला कोणी सांगितले, तर ते मुळीच ऐकू नये.

याहून मला जास्त अस्वस्थ करते ती मुलींची लपवाछपवी. माझ्या एका मावसबहिणीला लग्न ठरण्याच्या काळात आईने बजावले होते, की पाहुण्यांसमोर पंप काढायचा नाही. लग्नानंतर सासरी तिने तो न्हाणीघरात जाऊन, घाईघाईने आणि धड श्वासही न धरता घेतला. पुढे तिने धीर करून सासूबाईंना सांगितले, तेव्हा त्या एवढेच म्हणाल्या, ‘अगं, आधी सांगितलं असतंस तर फोडणीच्या वेळी तुला स्वयंपाकघरात उभं केलं नसतं.’ सगळीकडे असेच होते असे नाही, हे मला ठाऊक आहे. पण लपवून घेतलेला पंप बहुतेक वेळा नीट घेतलाच जात नाही.

नीट घेणे ही शिकायची गोष्ट आहे. फवाऱ्याचा पंप आधी चांगला हलवायचा, श्वास सावकाश पूर्ण सोडायचा, पंपाच्या तोंडाभोवती ओठ घट्ट मिटायचे, श्वास आत घ्यायला सुरुवात करतानाच पंप दाबायचा आणि हळूहळू छाती भरेपर्यंत ओढत राहायचे. मग जमेल तितका, साधारण दहा सेकंद, श्वास रोखायचा. दुसरा दाब घ्यायचा असेल तर अर्धा ते एक मिनिट थांबायचे. कॅप्सूल घालून घ्यायच्या कोरड्या पावडरीचे तंत्र याच्या उलट आहे. तिथे श्वास जोरात आणि झपकन ओढावा लागतो. एकाची सवय असलेला माणूस दुसऱ्यावर गेला, की बरेचसे औषध तोंडातच राहते आणि ‘या औषधाचा गुण येत नाही’ असा निष्कर्ष निघतो. फवाऱ्याच्या पंपाला स्पेसर, म्हणजे तोंड आणि पंप यांच्यामध्ये बसवायची प्लॅस्टिकची पोकळ नळी, लावला, तर दाब आणि श्वास यांचा मेळ साधण्याची कसरत कमी होते. मुलांना आणि म्हाताऱ्या माणसांना तो लावावाच. स्पेसर साबणाच्या पाण्यात बुडवून काढावा आणि न पुसता तसाच वाळू द्यावा, कारण फडक्याने पुसल्यास प्लॅस्टिकवर स्थिर वीज येते आणि औषध आतल्या भिंतींना चिकटते. स्टेरॉइडचा पंप घेतल्यावर चूळ भरून पाणी थुंकावे. नाहीतर तोंड येते आणि आवाज बसतो.

घराची काळजी घ्यावी लागतेच. 2019 च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचे पाणी आमच्या भागात शिरले, त्यानंतर कित्येक महिने भिंतींना ओल होती, पोपडे सुटत होते आणि कोपऱ्यांत काळी बुरशी धरत होती. त्या वर्षी गल्लीतल्या ज्यांना पूर्वी कधी खोकला माहीत नव्हता, त्यांनाही ढास लागलेली मी पाहिली. थंडीत ऊसतोड सुरू झाली, की फडातले पाचट पेटवतात आणि काळी काजळी अंगणात येऊन पडते. त्या दिवसांत आम्ही संध्याकाळी खिडक्या लावतो आणि कपडे घरात वाळत घालतो. देवापुढे उदबत्तीऐवजी नुसते निरांजन लावतो. डासांसाठी कॉइल न लावता मच्छरदाणी बांधतो. अंथरूण-पांघरूण कडक उन्हात टाकतो, अभ्रे गरम पाण्याने धुतो. हे सारे उपयोगी आहे, पण याने औषधाची जागा भरून निघत नाही.

दमा आटोक्यात आहे का, हे ‘बरे वाटते’ यावरून कळत नाही, कारण कमी श्वासाची माणसाला सवय होते आणि तो नकळत चालणे मंद करतो. गेल्या चार आठवड्यांत दिवसा आठवड्यातून दोनदांहून जास्त त्रास झाला का, रात्री दम्याने जाग आली का, तातडीचा पंप आठवड्यातून दोनदांहून जास्त लागला का, कुठले काम दम्यामुळे अडले का, हे चार प्रश्न डॉक्टर विचारतात आणि आपणही स्वतःला विचारावेत. मी सोबत पीक फ्लो मीटर, म्हणजे श्वास किती जोरात सोडता येतो ते मोजणारे छोटे साधन, ठेवते. उभे राहून तीनदा जोरात फुंकायचे आणि त्यांतला मोठा आकडा लिहायचा. माझा सर्वोत्तम आकडा 380 आहे. तो 300 च्या खाली उतरू लागला, की छातीत काही जाणवत नसले तरी मी डॉक्टरांना फोन करते.

डॉक्टरांनी लिहून दिलेला कागद आमच्या फ्रिजच्या दारावर लावलेला आहे आणि दुकानात माझ्या शेजारी बसणाऱ्या सहकाऱ्यालाही तो दाखवून ठेवला आहे. धाप लागली तर सरळ बसवायचे, आडवे करायचे नाही; स्पेसरमधून तातडीच्या पंपाचे चार दाब, एकेक करून द्यायचे; वीस मिनिटांत उतार पडला नाही तर पुन्हा चार द्यायचे आणि सोबतच दवाखान्याची वाट धरायची. एक वाक्य सलग बोलता येत नसेल, ओठ निळसर दिसत असतील किंवा आकडा 190 च्या खाली गेला असेल, तर वीस मिनिटेही थांबायचे नाही, लगेच 108 ला फोन करायचा आणि रुग्णवाहिका येईपर्यंत पंप देत राहायचे.